ओनामा

जपानमधल्या कोयासान नावाच्या देवळांच्या गावातल्या त्या देवदारांच्या जंगलात शिरून पाच मिनिटं झाली नसतील, मी एका दगडापाशी थांबले आणि मुलाला म्हटलं, अरे हा अ आहे. तो म्हणाला, आई, जपानी काहीतरी असेल ते. मी म्हटलं नाही रे, अ आहे. ३१ वर्षं मी पहिलीच्या मुलांना अ शिकवलाय, वाकडा अ, उलटा अ, दांडी विसरलेला अ, पाटीच्या बाहेर निघालेला अ, सगळे अ बघितलेत मी, मला अ कळतो. दगडावर शेवाळ चढलेलं होतं, डावीकडे दोन वळणं, उजवीकडे सरळ उभी दांडी, आणि सगळं असं फराटेदार, जणू ब्रशने लिहून मग कोरलंय. मी हात लावला नाही, पण बोट हवेत फिरवून गिरवला.

आमच्या गाइडबाई पुढे गेल्या होत्या त्या परत आल्या. साधारण माझ्याच वयाच्या, याच गावात जन्मलेल्या, हातात छोटा झेंडा आणि पाठीला सॅक. त्यांनी विचारलं काय झालं, मुलाने सांगितलं की आई म्हणतेय हे आमच्याकडचं पहिलं अक्षर आहे, ती शाळेत शिकवायची. बाईंनी माझ्याकडे बघितलं, कमरेत वाकल्या आणि म्हणाल्या, "सेन्सेइ, बरोबर आहे, हे आ आहे." त्यानंतर दिवसभर मला त्या सेन्सेइच म्हणत होत्या. दापोली तालुक्यात मला सगळे बाई म्हणतात, आजोबा झालेली माणसंसुद्धा रस्त्यात चपला काढून बाई म्हणून नमस्कार करतात, तेच इथे वेगळ्या शब्दात ऐकून मला भरून आलं.

आता जरा मागून सांगते. मुलगा ओसाकाला नोकरी करतो, मी रिटायर झाल्यावर नोव्हेंबरात तीन आठवडे त्याच्याकडे गेले होते. त्याने आधीच बुक करून ठेवलं होतं, कोयासानला एक दिवसाची गाइडबरोबर पायी फिरायची टूर आणि रात्री तिथल्याच एका देवळात मुक्काम. ओसाकातल्या नांबा स्टेशनातून ट्रेन सुटते, पहिला तासभर घरं, कारखाने, पुन्हा घरं, मग एकदम डोंगर सुरू होतात आणि गाडी वळणं घेत बोगद्यांतून हळूहळू वर सरकते. शेवटचं स्टेशन गोकुराकुबाशी. गोकुराकु म्हणजे सुखावती, अमिताभ बुद्धाचा स्वर्ग, आणि बाशी म्हणजे पूल. तिथून केबल कार, ३३० मीटरची चढण पाच मिनिटांत, इतकी तिरकी की डब्यालाच आतून जिन्यासारख्या पायऱ्या आहेत. वर बस. त्या बसच्या रस्त्यावर पायी चालायला परवानगी नाही म्हणून आमची चालायची टूर बसनेच सुरू झाली.

गाव समुद्रसपाटीपासून आठेकशे मीटरवर आहे, भोवती आठ शिखरं, ती कमळाच्या आठ पाकळ्या आणि गाव मधला गाभा असं तिथले लोक मानतात. ८१६ साली सागा नावाच्या सम्राटाने ही जागा कूकाई नावाच्या भिक्षूला दिली. आज इथे ११७ मंदिरं आहेत आणि त्यातल्या पन्नासेक मंदिरांत राहायची सोय होते. पण हे गावच आहे बरं का, शाळा, पोस्ट, पेट्रोल पंप, औषधाचं दुकान, १८८६ साली सुरू झालेलं विद्यापीठ, सगळं आहे. शाळेतून सुटलेली पोरं पिवळ्या टोप्या घालून देवळांच्या भिंतीकडेने घरी जात होती. मी त्या पोरांकडेच जास्त बघत होते.

पहिला थांबा होता न्योनिन-दो. न्योनिन म्हणजे बाया, दो म्हणजे दालन. हे लहानसं लाकडी देऊळ गावाच्या वेशीवर आहे आणि ते वेशीवर आहे कारण १८७२ सालापर्यंत बायकांना गावात पाऊल टाकायला बंदी होती. हजार वर्षांहून जास्त. डोंगर चढून यायचं आणि इथे थांबायचं. गावात यायच्या सात वाटा होत्या आणि प्रत्येक वाटेवर असं एकेक दालन होतं, आता हे एकच उरलंय. बाया मग इथे रात्र काढायच्या आणि आत जाता येत नाही तर गावाभोवतीच्या शिखरांवरून, कड्याकड्याने चालत, झाडांच्या फटीतून देवळांची टोकं बघत प्रदक्षिणा घालायच्या. ती वाट अजून आहे, तिला बायांची वाटच म्हणतात.

मला राग आला. अजूनही येतोय लिहिताना. गाइडबाई म्हणाल्या, माझी खापरपणजी त्या वाटेने चालली होती असं घरात सांगतात, आणि मी आता रोज आतून लोकांना फिरवते. एवढंच बोलल्या आणि पुढे चालायला लागल्या.

तिथेच त्यांनी कूकाईच्या आईची गोष्ट सांगितली. मुलगा इतका मोठा झाला, डोंगरावर मठ बांधतोय म्हणून म्हातारी शिकोकू बेटावरून, समुद्र ओलांडून बघायला आली. वर जायला बंदी. मग ती डोंगराखाली जिसोन-इन नावाच्या मंदिरात राहिली आणि मुलगा महिन्यातून नऊ वेळा डोंगर उतरून आईला भेटायला यायचा. म्हणून त्या खालच्या गावाचं नाव कुदोयामा, नऊ वेळांचा डोंगर. जिसोन-इनपासून वर गारानपर्यंत, म्हणजे गावातल्या मुख्य मंदिरांच्या आवारापर्यंत, जुनी पायवाट आहे, वीसेक किलोमीटरची, आणि तिच्यावर दर १०९ मीटरला एक असे १८० दगड उभे आहेत. आधी लाकडी खांब होते, तेराव्या शतकात दगडी केले. वीस किलोमीटर उतरायचं आणि वीस चढायचं, महिन्यातून नऊदा. माझा मुलगा हे मला इंग्लिशमधून मराठीत करून सांगत होता आणि सांगता सांगता मध्येच गप्प झाला. तो दोन वर्षांनी एकदा येतो. मी काही बोलले नाही, त्याच्या सॅकचा पट्टा पिळवटला होता तो सरळ केला.

कोंगोबुजी हे मुख्य मंदिर. इथे सगळे दगडांची बाग बघायला जातात, २,३४० चौरस मीटर, जपानमधली सगळ्यात मोठी म्हणतात, पांढऱ्या वाळूचे ढग आणि त्यातून वर येणारे दोन ड्रॅगन. सुंदर आहे. मला मात्र छपरावरच्या बादल्या आवडल्या. झाडाच्या सालींचं जाड छप्पर, त्यावर शिडी आणि वर लाकडी पिंपं, पावसाचं पाणी साठवायला, ठिणगी पडली तर ओतायला. कारण हे गाव कितीदा जळलंय त्याला हिशोब नाही. गारानमधला भगवा लाल महास्तूप, कोंपोन दाइतो, ४८ मीटरच्या वर उंच, तोही आत्ताचा १९३७ सालचा आहे, आधीचे जळले. गारान हा शब्द संघारामचा, आपल्याकडच्या लेण्यांतल्या विहारांना जो शब्द तोच. आत मधोमध महावैरोचन, जपानीत दाइनिची, म्हणजे महासूर्य. बाहेर एक पाइन आहे, कूकाईने चीनच्या किनाऱ्यावरून फेकलेलं वज्र याच झाडावर सापडलं अशी आख्यायिका, आणि त्याच्या खाली पडलेल्या पानांत तीन सुयांचं पान मिळालं तर नशीब. आमच्या ग्रुपमधले आठही जण वाकून शोधायला लागले. मला नाही मिळालं. गाइडबाईंनी आपल्या पाकिटातलं एक काढून माझ्या तळहातावर ठेवलं, ते माझ्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये आहे.

दुपारी जेवण, शोजिन र्‍योरी, देवळातलं जेवण. कांदा नाही लसूण नाही, आपल्या चातुर्मासासारखं. तिळाचं एक तोफू असतं, गोमा-दोफू, तीळ वाटून कुडझूच्या पिठात शिजवलेलं, दिसायला आणि जिभेवर अगदी खरवस, आणि थंडीत गोठवून वाळवलेलं कोया-दोफू, हे याच गावच्या नावाचं, रसात भिजून स्पंज झालेलं. जेवताना मी विचारलं, हे कूकाई मुळात होते कोण, म्हणजे इतकं सगळं एका माणसाने कसं केलं. तेव्हा बाई जे बोलायला लागल्या ते जेवण गार झालं तरी थांबल्या नाहीत.

७७४ सालचा जन्म. ८०४ साली जहाजाने चीनला निघाले, वादळाने जहाज भरकटलं, भलत्याच किनाऱ्याला लागलं, तिथून राजधानी चांगआनला. तिथे हुइगुओ नावाच्या गुरूकडून दीक्षा घेतली, पण त्यासाठी संस्कृत यायला हवं म्हणून एका भारतीय भिक्षूकडे शिकले, त्यांचं नाव प्रज्ञा. काश्मीरकडचे, नालंदेत शिकलेले, दक्षिणेच्या समुद्रातून चीनला पोचलेले. या प्रज्ञांना जपानला जायचं होतं म्हणे, जमलं नाही, म्हणून त्यांनी संस्कृत पोथ्या कूकाईंबरोबर पाठवल्या. ८०६ साली कूकाई परत आले ते या पोथ्या, चित्रं, भांडी घेऊन. त्यांच्या पंथाचं नाव शिंगोन, त्याचा अर्थ खरा शब्द, आणि मंत्र या आपल्या शब्दाचं ते भाषांतर आहे.

आणि मग शाळेची गोष्ट. ८२८ साली कूकाईंनी क्योटोत शाळा काढली. तेव्हा शिक्षण फक्त सरदारांच्या मुलांना, यांनी सगळ्यांसाठी उघडली, गरिबांच्या मुलांसाठी, आणि नियम असा की शिकणारा आणि शिकवणारा दोघांनाही जेवण शाळेतून, कारण उपाशी पोटी शिकणं होत नाही. मी चॉपस्टिक खाली ठेवल्या. मी मुलाला म्हटलं हे नीट सांग त्यांना, आमच्या शाळेत पण दुपारची खिचडी असते, खिचडीच्या वासाने अकरा वाजल्यापासून पोरांचं लक्ष उडतं आणि काही पोरं त्या खिचडीसाठीच येतात हे मला माहीत आहे आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, येतात तर शिकतात. मुलाने सांगितलं. बाई म्हणाल्या, सेन्सेइ, ती शाळा ते गेल्यावर काही वर्षांनी बंद पडली. मला ते ऐकून खरंच वाईट वाटलं, आत्ताच बंद झाल्यासारखं.

मग ओकुनोइन, ते जंगलातलं समाध्यांचं ठिकाण, जिथून मी सुरुवात केली.

इचिनोहाशी, पहिला पूल. पुलाच्या अलीकडे हात जोडून वाकायचं, कारण दाइशी म्हणजे कूकाई पुलापर्यंत घ्यायला येतात आणि जाताना पुलापर्यंत सोडायला येतात असं मानतात. आपल्याकडे पाहुण्याला फाटकापर्यंत सोडतात तसं. पुलापासून आत दोन किलोमीटर दगडी वाट, दोन्ही बाजूंना आभाळाला लागलेले देवदार, त्यातले काही शेकडो वर्षांचे, आणि त्यांच्या मुळांमध्ये, मुळांवर, मुळांखाली समाध्या. दोन लाखांहून जास्त. सोळाव्या शतकातल्या ओदा नोबुनागा या सरदाराची आहे आणि ज्याने उठाव करून त्याला संपवलं त्या आकेची मित्सुहिदेचीही आहे. आयुष्यभर एकमेकांशी लढलेले ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केनशिन वाटेच्या दोन बाजूंना आहेत. कंपन्यांनी आपल्या कामगारांसाठी बांधलेल्या आहेत, एक रॉकेटच्या आकाराची, आणि वाळवी मारणाऱ्या धंद्यातल्या लोकांनी वाळवीसाठी उभारलेला दगडही आहे, त्यावर लिहिलंय शांतपणे झोपा. मला ते वाचून हसू नाही आलं. ज्यांना मारून पोट भरतो त्यांची आठवण ठेवावी असं त्या माणसांना वाटलं, ते मला पटलं.

आणि छोटे छोटे जिझो, हजारो. जिझो म्हणजे क्षितिगर्भ बोधिसत्त्व, लहान मुलांचा सांभाळ करणारा, गुडघ्याएवढ्या गोल डोक्याच्या दगडी मूर्ती, आणि प्रत्येकाच्या गळ्यात लाल लाळेरं. लाळेरंच, दुसरा शब्द नाही. मूल गेलेल्या आईने शिवून बांधलेली. काही अगदी नवी होती, दुमडीच्या रेघा तशाच, काही पावसाने पांढरी झालेली. ग्रुपमधली एक तरुण मुलगी तिथे बराच वेळ मागे राहिली आणि गाइडबाईंनी तिला हाक मारली नाही, आम्हाला सगळ्यांना पुढच्या वळणावर उभं करून त्या झाडाच्या वयाबद्दल सांगत बसल्या, ती येईपर्यंत. टूर चालवणं म्हणजे काय ते मला तिथे कळलं.

तर तो अ. तिथल्या बहुतेक जुन्या समाध्या एकावर एक पाच दगड ठेवून केलेल्या आहेत, गोरिन्तो म्हणतात. सगळ्यात खाली चौकोनी दगड, पृथ्वी. त्यावर गोल, पाणी. त्यावर उतरत्या छपरासारखा त्रिकोणी, अग्नी. मग अर्धा गोल, वारा. आणि वर थेंबाच्या आकाराचा, आकाश. पंचमहाभूतं. आणि प्रत्येक दगडावर एक अक्षर, खालून वर अ, व, र, ह, ख. मी खालून वर वाचत गेले, एकेक करून, सगळी लगेच नाही ओळखता आली, र आणि ह बाईंनी सांगितले, अ आणि ख मी सांगितले. त्या वाचतात आ, बा, रा, का, क्या. जपानीत ह घशातून तसा निघत नव्हता तेव्हा त्याचा का झाला, ख चा क्या झाला. पण हाताला काही झालं नाही. तोंडातलं अक्षर बदललं, हातातलं तेच राहिलं.

या लिपीचं नाव विचारलं तर म्हणाल्या शित्तान. मुलाने फोनवर बघून सांगितलं, सिद्धम्. पूर्वी बाराखडीच्या तक्त्यावर सुरुवातीला सिद्धम् असं लिहायचे, त्यावरून लिपीलाच नाव पडलं. मी तिथेच त्या दगडाच्या कठड्यावर बसले. माझे आजोबा, जे पंतोजींच्या शाळेत धुळाक्षरं शिकले, ते मला मांडीवर घेऊन पहिल्यांदा पाटी हातात देताना म्हणाले होते, ओनामासीधं. आम्हाला तो एक शब्द वाटायचा. ओनामा म्हणजे सुरुवात एवढंच माहीत, कुठल्याही कामाचा ओनामा झाला असं आपण म्हणतोच. डी.एड.ला असताना कळलं की ते ॐ नमः सिद्धम् आहे, मुलाला अक्षर शिकवायच्या आधी म्हणायचं. तेच सिद्धम्. आपल्याकडे लोकांच्या तोंडात ओनामात दबून राहिलं आणि इकडे पूर्ण लिपीचं नाव होऊन बसलं.

बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, आमच्याकडेही पहिलीत आ इ उ ए ओ शिकवतात, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. मी म्हटलं थांबा, परत म्हणा. त्यांनी परत म्हटलं. क, च, त, न, प, म, य, र, व. जुन्या जपानीत आत्ताचा ‘हा’ प होता आणि ‘सा’ च च्या जवळचा होता, मग तो क्रम आपला वर्णमालेचा क्रमच झाला, कंठापासून ओठांकडे येणारा, य र व मागे. संस्कृत शिकलेल्या भिक्षूंनी बसवलेला. तिकडे डिक्शनरीत शब्द याच क्रमाने लागतात, मुलांची हजेरी याच क्रमाने. गावात बघितलेली ती पिवळ्या टोप्यांची पोरं मला एकदम माझ्या वर्गातली वाटायला लागली.

शेवटचा पूल गोब्योबाशी. याच्या पुढे फोटो नाही, टोपी नाही, खाणंपिणं नाही. पुलाखालून तामागावा नावाचा ओढा जातो, त्यात लाकडी फळ्या उभ्या रोवल्यात, बुडून गेलेल्यांच्या आठवणीच्या, त्यांना म्हणतात सोतोबा, म्हणजे स्तूप. पुलाला ३६ फळ्या, आणि आख्खा पूल मिळून ३७ धरतात, वज्रधातू मंडल या देवतांच्या चित्रातल्या ३७ देवता. आणि प्रत्येक फळीला खालच्या बाजूने, पाण्याकडच्या बाजूने, त्या त्या देवतेचं बीजाक्षर कोरलंय. वरून चालणाऱ्याला दिसत नाही. मी वाकून बघायचा प्रयत्न केला, काठावरूनही दिसलं नाही, सावली होती. पाय मात्र हलके टाकले.

पुलापलीकडे तोरो-दो, दिव्यांचं दालन. छतापासून पितळी कंदील टांगलेले, हजारो, अंधारात सगळं सोनेरी. दोन दिवे तर हजार वर्षांच्या आसपास विझलेच नाहीत असं सांगतात. त्यातला एक एका गरीब मुलीचा, आईवडिलांसाठी दिवा लावायला पैसे नव्हते म्हणून तिने केस विकले. दालनाच्या मागे कूकाईंची समाधी आणि समाधी हा शब्द तिथे आपल्या आळंदीतल्या अर्थाने आहे. ८३५ साली ते गेले असं शिंगोनवाले म्हणत नाहीत, ते ध्यानाला बसलेत, मैत्रेय येईपर्यंत. संजीवन समाधी म्हटलं की मराठी माणसाला पुढचं समजवावं लागत नाही. टूरमधल्या एका अमेरिकन बाईंना ते समजवायला गाइडबाईंना पंधरा मिनिटं लागली, मी नुसती मान हलवली.

टूर तिथे संपली. निरोप घेताना बाई म्हणाल्या, उद्या सकाळी साडेदहाला परत या, जेवण बघायला.

रात्री देवळात झोपलो, थंडी इतकी की नाक गार पडलं होतं, जमिनीवर जाड गाद्या आणि मध्ये हीटर. पहाटे उठवलं, होमाला. जपानीत गोमा म्हणतात, होमच तो. काळ्या पडलेल्या छोट्या दालनात कुंडासमोर भिक्षू, लाकडाच्या पट्ट्या एकेक करून आगीत, तुपाऐवजी तेल, ढोल इतका जोरात की छातीत वाजत होता. समोर मूर्ती फुदो म्योओची. फुदो म्हणजे न हलणारा, अचल. हातात तलवार, दुसऱ्या हातात पाश, मागे ज्वाळा, एक सुळा वर एक खाली, रागावलेला चेहरा, पण हा राग आपल्या माणसावरचा, हात धरून ओढून आणणाऱ्याचा. मंत्र सारखा तोच चालू होता आणि मला त्यातला एक तुकडा कानाला कुठेतरी लागत होता.

होम झाल्यावर मंत्राचा छापील कागद मिळाला, जपानी काताकाना लिपीत. नाश्त्याच्या खोलीत आम्ही बसलो, मुलगा एकेक अक्षर वाचायचा आणि मी ट्रेनच्या टाइमटेबलच्या मागे देवनागरीत लिहायचे. श्रुतलेखन. तो पहिलीत माझ्याच वर्गात होता, तेव्हा मी सांगायचे आणि तो लिहायचा. आता तो सांगत होता, नो-मा-कु, सान-मान-दा, बा-झा-रा-दान, सेन-दा, मा-का-रो-शा-दा. मी लिहिलं. नमः, समन्त, वज्राणां, एवढं लागलं, तिथे बऱ्याच शब्दांत व चा ब होतो. सेनदा माकारोशादा. दोनदा मोठ्याने म्हणून बघितलं आणि पेन्सिल थांबली. चंड महारोषण.

हे नाव मला माहीत होतं. दापोलीपासून तासा-सव्वातासावर पन्हाळेकाजीची लेणी आहेत, कोटजाई नदीच्या काठाला, २९ लेणी. आमच्या शाळेच्या किती सहली मी तिथे नेल्या असतील. १० नंबरच्या लेण्यात महाचंडरोषणाची मूर्ती, हजारेक वर्षांपूर्वी तिथे वज्रयान या बौद्ध तांत्रिक पंथाचे लोक राहायचे, पुरातत्त्व खात्यातल्या म. न. देशपांडे यांनी या लेण्यांचा अभ्यास केला तेव्हा हे सगळं समोर आलं. नंतर तिथे नाथपंथी आले, मग तेही गेले. हे नाव मी चौथीच्या मुलांना श्रुतलेखनाला द्यायचे, कारण त्यात ष आणि ण एकाच शब्दात येतात. पोरं चुकायची, मी दहादा लिहायला लावायचे. माझ्यासाठी ते एक अवघड शुद्धलेखन होतं. ते नाव कुणी मनापासून हाक मारल्यासारखं घेत असेल, त्याच्यापुढे कुणी आजारी मुलासाठी लाकडाची पट्टी जाळत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. अचल आणि चंडमहारोषण एकच. आमच्या तालुक्यातल्या दगडात हा देव हजार वर्षांपासून आहे आणि त्याला त्याच्या नावाने मारलेली हाक मी पहिल्यांदा ऐकली ती कोयासानला, सकाळी साडेसहाला.

मुलाला सांगताना माझा आवाज कापत होता. तो त्या सहलीला होता, चौथीत. म्हणाला, आई मला तिथले वटवाघळंच आठवतात.

साडेदहाला आम्ही पुलापाशी होतो. कूकाई ध्यानाला बसलेत म्हणजे त्यांना जेवण लागणार, म्हणून रोज दोनदा, सकाळी सहाला आणि साडेदहाला, त्यांचं ताट जातं. ऊन, बर्फ, वादळ काही असो. स्वयंपाकघरातून पांढऱ्या लाकडाची पेटी निघाली, पिवळ्या वस्त्रातले दोन भिक्षू दांडीवर घेऊन, पुढे एक वडीलधारे भिक्षू. आधी एका छोट्या जिझोपुढे थांबले, हा चव घेणारा जिझो, तो आधी चाखतो. मग तिघे पुलावरून, पाऊल न वाजवता, समाधीकडे. सगळं मिळून काही मिनिटं. बघायला आम्ही सातआठ जण. एक पाठीत वाकलेली आजी रोज येत असावी, तिने पेटी पुलावर चढली तसे हात जोडले आणि ती पलीकडे उतरेपर्यंत सोडले नाहीत.

ती पेटी पुलावर होती तेव्हा तिच्याखाली ३६ अक्षरं होती, पाण्याकडे तोंड करून.

परत आल्यावर जानेवारीत माझ्या जुन्या शाळेची सहल पन्हाळेकाजीला जाणार होती, मी त्यांच्याबरोबर गेले. १० नंबरच्या लेण्यापाशी चौथीच्या पोरांना बसवलं आणि नाव सांगितलं, आधी आपलं, मग तिकडचं. सेनदा माकारोशादा म्हणताना त्यांना मजा वाटली, तीन-चारदा म्हटलं. मग काठीने मातीत तिकडचा अ काढला. एक पोरगी येऊन त्यावर बोट फिरवून गेली, मग दुसरी, मग रांगच लागली, शेवटी अ पुसला गेला तेव्हा पुन्हा काढला. मुलाला व्हिडिओ पाठवला, त्याने तो गाइडबाईंना पाठवला, त्यांचा उलट निरोप आला की त्या मुलांना माझा नमस्कार सांगा. मी शाळेत जाऊन सांगून आले.

जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. मी रोज सकाळी सातला देवापुढे निरांजन लावते, तेव्हा तिकडे साडेदहा झालेले असतात आणि पेटी निघालेली असते.